फायटर माशाला धाप लागली, हे कसे ओळखावे?

या पानावर आपण आतापर्यंत सिकलसेल, अ‍ॅनिमिया, बाळंतिणीचा आहार, उन्हाळ्यातला उष्माघात अशा विषयांवर बोललो. या वेळचा विषय ऐकून काही वाचक हसतील. विषय आहे घरात पाळलेला मासा आणि त्याचे कल्ले.

आज आपल्या वस्त्यांमध्ये पाटीपुऱ्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत अनेक घरांत टीव्हीच्या शेजारी किंवा खिडकीत एक काचेची बरणी दिसते. तिच्यात निळा, लाल किंवा जांभळा, झुपकेदार शेपटीचा एकच मासा असतो. दुकानदार त्याला फायटर म्हणतात, पुस्तकात त्याचे नाव बेट्टा आहे. कुत्रा पाळायला जागा नाही, मांजर घरमालक ठेवू देत नाही, म्हणून लेकराच्या हट्टापायी हा मासा घरात येतो. महिना-दोन महिन्यांत तो बरणीच्या तळाशी पडतो, लेकरू रडते आणि आपण म्हणतो, "आयुष्यच तेवढे होते." खरे तर नीट सांभाळलेला फायटर दोन-तीन वर्षे सहज जगतो. तो लवकर मरतो त्याचे मोठे कारण म्हणजे कल्ल्यांचा त्रास, आणि तो त्रास बहुतेक वेळा त्याच्या पाण्यातून येतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे. माशाचा श्वास पाहायला, मोजायला आणि त्रासाचे कारण शोधायला जो शिकला, त्याला आपल्या लेकराचा श्वासही मोजता येतो. त्याबद्दल शेवटी बोलू. आधी मासा.

कल्ले काय करतात?

माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या मागे, एकेक झाकण असते. त्या झाकणाखाली कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, रक्ताने भरलेल्या लाल झालरी असतात. तेच कल्ले. मासा तोंडाने पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरून जाते आणि झाकणाखालून बाहेर पडते. जाता जाता पाण्यातला ऑक्सिजन रक्तात जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येतो. म्हणजे आपल्या फुप्फुसांचे काम मासा कल्ल्यांनी करतो.

मात्र कल्ल्यांकडे आणखी एक काम आहे. आपल्या शरीरातली घाण मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते. माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया बहुतांश कल्ल्यांतूनच बाहेर पडतो. शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळण्यातही कल्ल्यांचा मोठा वाटा असतो. म्हणून कल्ले बिघडले की एकाच वेळी फुप्फुस आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडल्यासारखे होते.

पाण्यात ऑक्सिजन मुळातच थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर एक लिटर पाण्यात जेमतेम पाच-सहा मिलिलिटर. पाणी तापले की तोही घटतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४३-४४ वर जातो, टिनाच्या छताखाली खोली भट्टी होते. त्या खोलीतल्या लहान बरणीतल्या पाण्याचे काय होत असेल, याचा विचार करा.

"हा मासा बाटलीतही जगतो" हे अर्धेच खरे

फायटर मूळचा थायलंडकडचा. तिथे तो धानाच्या शेतात आणि उथळ, गवताळ पाण्यात राहतो. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीसारखीच ती जागा. थायलंडने २०१९ मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला.

अशा कोमट, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात राहून राहून या माशात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला घड्या घातल्यासारखा एक जादा अवयव तयार झाला आहे. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो. आपल्याकडचे मरळ आणि मांगूरही हवा घेतात. म्हणून तर बाजारात ते पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत दिसतात.

यावरूनच दुकानदार सांगतात, "याला मशीन लागत नाही, बाटलीतही जगतो." पण हवा घेतल्याने फक्त ऑक्सिजनचा प्रश्न सुटतो. अमोनियाचे काय? तो कल्ल्यांतून त्याच बाटलीत उतरतो आणि तिथेच साचतो. धानाची बांधी उथळ असली तरी पसरट असते, तिच्यात हजारो लिटर पाणी, चिखल आणि झाडे असतात, घाण जिरवायला जागा असते. बाटलीत लिटरभर पाणी. मासा स्वतःच्याच घाणीत राहतो आणि तीच घाण त्याचे कल्ले भाजते. म्हणून दहा लिटरपेक्षा कमी पाण्यात हा मासा ठेवू नये. काचेची टाकी महाग वाटत असेल तर स्वच्छ प्लास्टिकचा मोठा पसरट टब चालतो.

आधी निरोगी मासा ओळखा

नर्सिंगच्या शिक्षणात सुरुवातीलाच टीपीआर शिकवतात: ताप, नाडी आणि श्वास. श्वास मोजताना एक युक्ती सांगतात. नाडी मोजून झाली तरी रुग्णाचे मनगट सोडायचे नाही आणि त्याच्या नकळत छातीची हालचाल मोजायची. कारण आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो.

माशाचेही तसेच. आपण बरणीजवळ गेलो की खाऊ मिळेल म्हणून तो नाचायला लागतो. म्हणून दोन हात लांब बसावे, चार-पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग मोबाइलवर अर्धा मिनिट लावून कल्ल्याचे झाकण किती वेळा उघडते ते मोजावे. त्याची दुप्पट म्हणजे एका मिनिटाचा आकडा. याच काळात तो श्वास घ्यायला किती वेळा वर आला तेही पाहावे.

मासा चांगला असताना तीन-चार दिवस, एकाच वेळी, खाऊ देण्याआधी ही मोजणी करून वहीत लिहून ठेवा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. प्रत्येक माशाचा आकडा वेगळा असतो, पाण्याच्या तापमानानेही बदलतो. दुसऱ्याच्या माशाशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच माशाच्या नेहमीच्या आकड्याशी तुलना करावी. पुढे कधी शंका आली तर ही वहीच कामाला येते.

त्रासाची लक्षणे

१. झाकणांची घाई. मासा शांत असतानाही झाकणे नेहमीपेक्षा स्पष्ट जास्त वेगाने हलतात. माणसाला धाप लागते तसेच हे.

२. वर चिकटून राहणे. अधूनमधून वर येऊन हवा घेणे हा त्याचा स्वभाव आहे. पण तो पृष्ठभाग सोडतच नसेल, सारखा तोंडाची उघडझाप करत असेल, तर पाणी त्याला सोसवत नाही.

३. झाकण न मिटणे. एक किंवा दोन्ही झाकणे अर्धी उघडी, फुगलेली राहतात. एकाच बाजूचे झाकण उघडे असेल तर इजा किंवा त्या बाजूला बसलेला परजीवी असू शकतो. दोन्ही बाजूंना सारखाच त्रास असेल तर आधी पाण्यावर संशय घ्यावा.

४. रंग बदलणे. झाकण उघडते तेव्हा आतली कड दिसते. ती लालसर-गुलाबी असावी. भडक लाल, सुजलेली कड म्हणजे जळजळ. फिकट पांढरट कड म्हणजे रक्त कमी झाले किंवा कल्ले खराब होऊ लागले. तपकिरी छटा दिसली तर नायट्राइट नावाच्या विषाची शंका घ्यावी, त्याने रक्तच चॉकलेटी होते.

५. अंग घासणे. मासा अचानक झेपावून दगडाला किंवा टबाच्या कडेला गालफड घासतो. ही खाज असते. एखाद्या वेळी झाले तर सोडून द्या, दिवसातून अनेकदा होत असेल तर लक्ष द्या.

६. ठिपके, धूळ किंवा कापूस. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, बॅटरीच्या प्रकाशात दिसणारी सोनेरी धूळ, कल्ल्यांजवळ कापसासारखा थर किंवा दोऱ्यासारखा चिकट स्राव. ही परजीवी, जिवाणू किंवा बुरशीची चिन्हे आहेत.

७. पंख मिटून तळाशी पडणे. शेपूट आणि पंख घडी केल्यासारखे मिटलेले, रंग उतरलेला, खाऊकडे लक्ष नाही.

यातले एखादे लक्षण थोडा वेळ दिसले तर फक्त लक्ष ठेवा. दोन किंवा जास्त लक्षणे एकत्र दिसली, किंवा एकच लक्षण दिवसभर टिकले, तर लगेच हालचाल करावी.

हा आजार नव्हे

आरसा किंवा दुसरा फायटर दिसला की नर कल्ल्यांची झाकणे पंख्यासारखी फुलवतो आणि खालून गडद दाढीसारखा पडदा बाहेर काढतो. ती त्याची दमदाटी. आरसा काढला की झाकणे मिटतात. मिटली तर आजार नाही, न मिटली तर आहे. मुले गंमत म्हणून तासन् तास आरसा दाखवतात, ते मात्र थांबवावे, मासा थकतो.

दुसरे म्हणजे पाण्यावर दिसणारा बुडबुड्यांचा फेस. नर अंड्यांसाठी असे घरटे बांधतो. मासा तरतरीत असेल तर काळजी नको.

कारण कुठे शोधावे?

मासा मेला की काही घरांत म्हणतात, "घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले." कोणी म्हणते नजर लागली. अशाने लेकराचे समाधान होते, पण दुसऱ्या माशाचेही तसेच होते. कारण शोधल्याशिवाय मान्य करायचे नाही, हे तर आपल्या घराघरांत शिकवले गेले आहे. इथेही तेच लागू करावे. त्रास कधी सुरू झाला, त्या वेळेवरून कारणाचा बराच अंदाज येतो.

*पाणी बदलल्यावर काही तासांत सुरू झाला:* क्लोरीन. नळाच्या पाण्यात, आणि गावात विहिरीत टाकलेल्या टीसीएल पावडरीतही, क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असे आपले मानक सांगते, तो आपल्याला जुलाब-कावीळ यांपासून वाचवतो. पण त्याहून कमी क्लोरीनही कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजू शकतो. म्हणून आपल्या पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन कमी करा असे कोणी म्हणू नये. माशाचे पाणी तेवढे वेगळे काढावे. पसरट भांड्यात, उघड्यावर, निदान चोवीस तास ठेवलेले पाणीच त्याला द्यावे. दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात, घाईच्या वेळी तेही चालतात. मेडिक्लोर टाकलेले माठाचे पाणी मात्र तसेच ओतू नये.

*पाणी बदलून बरेच दिवस झाले:* अमोनिया. आपल्याकडे हे कारण जास्त घडते, आणि त्याला आपण जबाबदार नसतो. यवतमाळ शहराने २०१८ चा उन्हाळा पाहिला आहे. निळोणा आणि चापडोह आटले, जीवन प्राधिकरणाचा नळ कित्येक दिवस कोरडा राहिला, बायका टँकरमागे धावल्या. गुंडभर पाण्यासाठी भांडण होत असताना माशाचे पाणी कोण बदलणार? तरीही यावर उपाय आहे. खाऊ कमी करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे पुरतात, उरलेला दाणा लगेच काढावा. पोळीचा चुरा, भात, बिस्किट टाकू नये. आठवड्यात पाव हिस्सा पाणी बदलले तरी मोठ्या टबात भागते, लहान बरणीला मात्र दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागते. म्हणजे टंचाईच्या गावात मोठा टब पाणी खात नाही, वाचवतो. काढलेले पाणी फेकू नका, झाडांना ते खत आहे.

पाणी गरम आणि अल्कधर्मी असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. बोअरचे जड पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि उन्हाळा तर आपल्याकडे आहेच. म्हणून मार्च ते जून जास्त जपावे.

*टाकी नवीन, दोन-चार आठवड्यांची:* नायट्राइट. पाण्यात काही उपयोगी जिवाणू असतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे त्यापेक्षा निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांना वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण टाकी साबणाने घासून, गोटे उकळून, सगळे पाणी एकदम बदलून "स्वच्छ" करतो तेव्हा हे जिवाणू मरतात आणि विष पुन्हा वाढते. साबण, निरमा, फिनाइल यांचा टाकीला स्पर्शही नको.

*भांडे बदलल्यावर:* धातू. तांब्या-पितळेच्या हंड्यातले किंवा जस्ती पत्र्याच्या बादलीत साठवलेले पाणी माशाला घालू नये. तांबे आणि जस्त थोडे जरी पाण्यात उतरले तरी कल्ल्यांना बाधते. प्लास्टिक, काच किंवा स्टीलचे भांडे वापरावे.

*नवीन मासा किंवा झाड आणल्यावर आठ-पंधरा दिवसांत:* परजीवी. कल्ल्यांवर बसणाऱ्या काही कृमी इतक्या बारीक असतात की त्या सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. म्हणून नवीन मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. विकत घेतानाच दोन्ही झाकणे सारखी मिटतात का ते पाहावे. तळाशी पडलेला मासा दया येऊन घेतला तर तो घरातल्या माशाजवळ सोडू नये.

धूर आणि फवारा

फायटर हवाही घेतो, म्हणून खोलीतली हवा त्याच्यापर्यंत पोचते. डास मारायच्या कॉइल, बटणाच्या बाटल्या आणि स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधे असतात. ही औषधे माशांना फार विषारी असतात. बरणी कॉइलजवळ ठेवू नये. नगर परिषदेची धुराची गाडी येते तेव्हा टबावर ताट झाकावे, धूर गेल्यावर लगेच काढावे. ताट विसरले तर मासा हवेविना गुदमरेल. मच्छरदाणी सगळ्यांत उत्तम, लेकरालाही आणि माशालाही.

आता शेतातला फवारा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे दगावली. ती आपलीच माणसे होती. त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळले की फवाऱ्याचे विष फक्त पोटातून नाही, श्वासातून आणि घामेजल्या कातडीतूनही शरीरात जाते. फवारून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलून मगच लेकराला घ्यावे, खाण्याला किंवा माशाच्या पाण्याला हात लावावा. पंप घरातल्या मोरीत धुऊ नये, विषाचा डबा घरात ठेवू नये. फवारणीनंतर माणसाला फार घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, उलटी, धाप यांतले काही झाले तर लिंबूपाणी पाजत बसू नका. विषाच्या डब्यावरचे नाव लिहून घ्या किंवा फोटो काढा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

पहिल्या चोवीस तासांत काय करावे?

१. टब उन्हातून आणि चुलीजवळून हलवा. पाण्याला हात लावून पाहा. फायटरला साधारण २५ ते २८ अंश मानवते. पाणी तापले असेल तर टबाभोवती ओले फडके गुंडाळा, बर्फ आत टाकू नका. थंडीत उलट करा, टब रात्री खिडकीपासून दूर ठेवा.

२. खाऊ एक दिवस बंद. उपाशी राहून मासा एका दिवसात मरत नाही.

३. एक तृतीयांश ते अर्धे पाणी काढा आणि तेवढेच शिळे, तितक्याच उष्णतेचे पाणी कडेने हळू ओता. सगळे पाणी एकदम बदलू नका. एक बादली शिळे पाणी घरात नेहमी राखून ठेवावी, डास होऊ नयेत म्हणून तिच्यावर कापड बांधावे.

४. टबातल्या पाण्याची पातळी वीतभरापेक्षा खाली आणा, म्हणजे दमलेल्या माशाला श्वासासाठी लांब पोहावे लागत नाही. पाण्यावर तेलकट साय आली असेल तर कागद फिरवून काढा. घट्ट झाकण काढून टाका.

५. टाकी नवीन असेल आणि नायट्राइटची शंका असेल तर लिटरमागे एक ग्रॅम साधे मीठ, म्हणजे पाच लिटरला सपाट एक चहाचा चमचा, वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला अडवतो. रोज रोज मीठ वाढवायचे नाही.

६. दर चार-पाच तासांनी झाकणांची मोजणी करून वहीत लिहा.

आकडा खाली येऊ लागला तर कारण पाण्यातच होते. पाणी सुधारूनही दोन दिवसांत फरक नसेल, किंवा ठिपके, कापूस, एका बाजूची सूज दिसत असेल, तर जाणकाराकडे जावे. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करता येते. नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे मत्स्य विज्ञान महाविद्यालयही आहे. जाताना मोजणीची वही आणि माशाचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवा, निम्मे काम होते.

हे करू नका

माणसाच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. आजार पाण्याचा असेल तर तिचा उपयोग शून्य, उपयोगी जिवाणू मात्र मरतात. शिवाय अर्धवट औषधांना सरावलेले जंतू पुढे माणसांनाही महागात पडतात. निळे, हिरवे, जांभळे औषध अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर तेच कल्ले जाळते. तोंडाने नळी ओढून पाणी काढू नका. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. माशाच्या टाकीतला एक जंतू जखमेतून शिरला तर हातावर महिनोन् महिने न भरणारी गाठ येते. अशी गाठ आली तर डॉक्टरांना "घरी मासा आहे" हे आवर्जून सांगावे. आणि कंटाळा आला म्हणून मासा नाल्यात, तलावात किंवा बेंबळेत सोडू नका. तो तरी मरतो, नाहीतर त्याचा आजार तिथल्या माशांना लागतो.

मासा म्हणजे पाण्याची परीक्षा नव्हे

बैठकीत आम्हाला नेहमी एक प्रश्न येतो: "आमच्या विहिरीत मासे जगतात, म्हणजे पाणी चांगलेच ना?" नाही. माशाला जे बाधते ते आपल्याला बाधेलच असे नाही, आणि आपल्याला जे बाधते ते माशाला दिसेलच असे नाही. क्लोरीनच्या पाण्यात मासा तडफडतो, पण ते पाणी आपल्यासाठी सुरक्षित असते. उलट जुलाबाचे जंतू असलेल्या विहिरीत मासा मजेत फिरतो. आपल्या जिल्ह्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेले फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. त्या पाण्यातला मासा आपल्याला काहीच सांगणार नाही. म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो. आपल्या वस्तीतल्या हातपंपाचा नमुना गेला का, अहवाल काय आला, हे ग्रामसभेत विचारणे आपला हक्क आहे.

आता लेकराचा श्वास मोजा

ज्याने माशाची झाकणे मोजली, त्याला हे अवघड नाही. लेकरू शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. इथे अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळाचा श्वास कमी-जास्त होतो. आणि माशासारखे "नेहमीचा आकडा" शोधत बसू नका, इथे आकडे ठरलेले आहेत:

• दोन महिन्यांपर्यंतचे बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
• दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त
• एक ते पाच वर्षे: ४० किंवा जास्त

खोकला किंवा सर्दी असलेल्या बाळाचा श्वास एवढा झाला तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी आशाताईला दाखवा, दवाखान्यात न्या. श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटके येत असतील, तर मोजणीतही वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. छातीला तेल चोळणे, बिब्बा लावणे, डागणे, अंगारा लावणे यात जे तास जातात, तेच बाळाला वाचवायचे तास असतात. दोन महिन्यांच्या आतले बाळ तर थांबवूच नये.

घरात करून पाहण्यासारखे

या महिन्यात शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून तीन गोष्टी करून घ्या. एक, घरात मासा असेल तर तीन दिवस झाकणांची मोजणी वहीत लिहिणे. दोन, माशासाठी शिळ्या पाण्याची झाकलेली बादली तयार ठेवणे. तीन, झोपलेल्या लहान भावंडाचा श्वास एक मिनिट मोजून त्याच वहीत तारखेसह लिहिणे. ज्यांच्या घरी मासा नाही त्यांनी तिसरे काम तरी जरूर करावे. वही भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवा आणि १०८ हा आकडा तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.